चुकल्यावरचा आवाज

आमच्या कंपनीत डुबुकताईला तिच्या खऱ्या नावाने ओळखणारा एकच माणूस होता, पगार वाटणारा कारकून. त्यानेही एकदा नकळत तिच्या पाकिटावर ‘डुबुक’ लिहिलं. तिने ते पाकीट मुकाट्याने घेतलं आणि वर ‘अक्षर बरं आहे हो तुमचं’ असं सांगून गेली.

आधी ज्या खेळण्यामुळे तिला हे नाव पडलं त्याबद्दल सांगायला हवं, कारण ते आता कोणाच्या घरात नाही. काही वर्षं धडाक्यात खपलं, मग घरोघरी मोबाइल आले आणि टीव्हीच्या मागे हात घालून वायर जोडायची कोणाला हौस राहिली नाही. शेवटचा माल आम्ही मातीमोलाने विकला. पण सुरुवात झकास होती. आमची कंपनी मुळात कॅल्क्युलेटर बनवायची. मालकांचा थोरला नातू टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचा आणि धाकटी नात शेजारी बसून भोकाड पसरायची, कारण तिला कोणी हात लावू देत नसे. त्या भोकाडातून आमचा धंदा जन्माला आला. अगदी लहान मुलांसाठी, खेळता खेळता शिकवणारी पेटी काढायची असं ठरलं. पहिल्या मॉडेलला बटणं होती. मुलं ती सगळी एकदम दाबायची, आणि एक पठ्ठ्या तर त्यावर बसलाच. दुसऱ्या मॉडेलला बटणांऐवजी पेन दिलं, ते मुलांनी चघळलं. तिसऱ्या खेपेला आम्हाला थोडी अक्कल आली. पुस्तकासारखी उघडणारी पेटी, तिच्यात बसवायची, बदलता येणारी जाड पुठ्ठ्याची चित्रांची पुस्तकं, आणि दोरीने बांधलेलं, तोंडात मावणार नाही असं जाडजूड पेन. पेटी विचारायची, ‘लाल फुगा कुठे आहे?’ मुलाने लाल फुग्यावर पेन टेकवलं की टीव्हीवरचा बेडूक टुणकन उडी मारून कमळाच्या पानावर बसायचा आणि घंटी वाजायची. उत्तर चुकलं की बेडकाची उडी चुकायची. पेटीचा प्रोग्राम लिहायचं काम माझं होतं. बेडूक हलवणं मला जमलं, पण तो पाण्यात पडल्याचा आवाज काही जमेना. माझा बेडूक पत्र्यावर पडल्यासारखा पडायचा.

म्हणून ताईला बोलावलं. तिचं अर्धं आयुष्य रेडिओवरच्या नाटकांना आवाज पुरवण्यात गेलं होतं. करकरणारं दार, दूर जाणारा घोडा, जिन्यावरून गडगडणारा म्हातारा, सगळं तीच. ‘माझ्या हातून जितकी माणसं पडून मेली तितकी कोणाच्या मेली नसतील,’ असं ती अभिमानाने सांगायची. पुढे रेडिओवाल्यांनी नाटकंच बंद केली आणि ती घरी बसली. आमच्याकडे आली तेव्हा तिच्या पिशवीत शेकायची रबरी पिशवी, जुने हातमोजे, कंगवा आणि कसलीशी हाडं होती. मी खुर्ची दिली, तर आधी ती खुर्ची करकरते का ते बघून मगच बसली.

‘बेडूक कसा आहे?’ तिने विचारलं.

‘हिरवा.’

‘ते दिसतंय मला. स्वभावाने कसा आहे? लाजरा की आगाऊ?’

मी इंजिनिअर माणूस. बेडकाच्या स्वभावाचा विचार मी कशाला केला असेल? मी आपलं ‘आगाऊ’ म्हणून मोकळा झालो. तिने गालात बोट घालून ‘टप्प’ केलं, लगेच रबरी पिशवीतलं पाणी दाबून ‘डुबुक’ केलं, आणि शेवटी नाकातून एक बारीकसं ‘अगंबाई’ काढलं. मी हसून हसून टेबलावर डोकं टेकलं. त्या दिवशी तिला नोकरी आणि नाव, दोन्ही मिळालं.

आणि इथेच आम्ही फसलो. पेटी बाजारात जाण्याआधी रोज काही मुलांना बोलावून खेळायला बसवायचो आणि आम्ही काचेमागून बघायचो. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की मुलं बरोबर उत्तर देईनात. लाल फुगा विचारला की निळ्यावर पेन, मांजर विचारलं की बादलीवर. डुबुक, अगंबाई, आणि हास्याचा गडगडाट. घंटीला कुत्रं विचारत नव्हतं. शिकवायचं मशीन काढलं आणि मुलांना चुकायची चटक लावली, म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

मुलांच्या बाबतीत आमच्याकडे शेवटचा शब्द हेडबाईंचा असे. उभी हयात बालवाडी चालवून निवृत्त झालेल्या, ताठ कण्याच्या, पांढऱ्याशुभ्र केसांच्या. त्या समोर आल्या की मालकसुद्धा खिशातले हात बाहेर काढायचे. त्यांनी एक दिवस बघितलं, दोन दिवस बघितलं आणि निकाल दिला, ‘हा आवाज काढून टाका. चुकल्यावर काहीतरी रुक्ष वाजू दे.’

ताईने तोंड वेंगाडलं, पण कामाला लागली. रुक्ष आवाज काढायचा तिने अगदी मनापासून प्रयत्न केला, आणि तिथेच घोटाळा झाला. पहिला रुक्ष आवाज एखादा लठ्ठ काका खुर्चीतून उठताना कण्हतो तसा निघाला. मुलं लोळली. दुसरा त्याहून वाईट, म्हणजे त्याहून मजेदार. या बाईला कंटाळवाणं होताच येत नव्हतं. शेवटी मालक म्हणाले, ‘शुक्रवारची मुलं बघू. तीही अशीच वागली तर यंत्राचा साधा भोंगा लावू. मग ताईंचं काम आपल्याकडे उरत नाही.’

दुसऱ्या दिवशी एक किडकिडीत गृहस्थ मला फाटकाशी भेटले. ताईंचे यजमान. घरीच घड्याळं दुरुस्त करायचे.

‘साहेब, एक सांगू का?’ ते म्हणाले. ‘आमच्या लग्नापासून मी तिला म्हणत आलो, बाई, जरा शांत बस, माझा स्क्रू हरवतो. रेडिओ सुटल्यावर ती खरंच शांत बसली. भांडं आपटणं नाही, दार आपटणं नाही. चालायची ते कळायचंसुद्धा नाही. मी घड्याळं उघडून नुसता बसायचो. तुमच्याकडे आली आणि माणसात आली. आता पुन्हा घरी बसवलीत, तर या खेपेला काही ती उठायची नाही.’

मी ‘बघतो’ म्हणालो. माणूस काही करू शकत नसला की हाच शब्द वापरतो.

शुक्रवारी जुनाच डुबुक लावून ठेवला होता. एकेक मूल आलं आणि बेडकाला बुचकळून गेलं. सगळ्यांत शेवटी दोन शेंड्यांची एक चिमुरडी आली. सोबत तिची आई. मुलगी पहिल्या प्रश्नापासून चुकत गेली. लाल चुकला, गोल चुकला, हत्ती चुकला, एकही उत्तर धड नाही. आईचं तोंड उतरत चाललं. ‘घरी तर सगळं येतं हो हिला,’ ती पुटपुटली. आत त्यांच्याजवळच उभ्या असलेल्या हेडबाई मान हलवून म्हणाल्या, ‘बघा, हिला साधे रंगही येत नाहीत आणि आपण हिला हसवतोय.’

काचेमागे ताई माझ्या शेजारी उभी होती. डोळ्यांत पाणी, आणि राग तर विचारू नका. तो तिने बिचाऱ्या मुलीवर काढला.

‘आणि ही कार्टी तरी बघ. आधीच हसते. बेडूक अजून पडलाही नाही आणि ही खिदळून मोकळी. आमच्या नाटकात कोणी असं आधी हसलं असतं तर मी घोड्याच्या टापांच्या करवंट्या फेकून मारल्या असत्या.’

‘काय म्हणालीस?’

‘करवंट्या फेकून...’

‘ते नाही. आधी हसते म्हणालीस?’

‘मग काय. आवाज वाया जातो माझा.’

मी पुन्हा नीट बघितलं. खरंच. पेन टेकायच्या आधीच त्या पोरीचे गाल फुगत होते. मी तसाच दार उघडून आत गेलो. हेडबाईंसमोर माझी बोबडी वळायची, त्या दिवशीही वळलीच.

‘बाई, चुकणार हे हिला आधीच कळतंय. न येणारं मूल अंदाजाने ठोकतं, त्याचं एखादं तरी उत्तर बरोबर यायला हवं. हिचं एकही आलं नाही. सगळी चुकवायला सगळी यावी लागतात.’

मग हेडबाईंनी जे केलं ते त्यांच्याकडून शिकण्यासारखं होतं. वाद घातला नाही. साडी सावरून त्या मुलीशेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, ‘बाळ, आता सगळी बरोबर दाखव बघू.’

मुलीने सुस्कारा टाकला आणि भराभर दाखवलं. लाल, गोल, हत्ती, सगळं. घंटी वाजत राहिली, तिने टीव्हीकडे बघितलंसुद्धा नाही. संपल्यावर पेन उचलून धरलं आणि विचारलं, ‘आता चुकू का?’

‘चूक,’ बाई म्हणाल्या. मग कोणाकडे न बघता म्हणाल्या, ‘मी अशी किती मुलं मागच्या बाकावर बसवली असतील.’

तिथल्या तिथे ठरलं. पाच उत्तरं बरोबर आली की पेटीने म्हणायचं, ‘आता मुद्दाम चुकवून दाखव.’ पुढे जाहिरातीत मालकांनी हीच कल्पना आपली म्हणून मिरवली. मिरवोत बापडे. पेटी त्या कल्पनेमुळेच खपली.

पण ते नंतर. त्या दिवशी हेडबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि दारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या ताईकडे वळल्या. ताईने सामान भरूनच आणलं होतं.

‘हा आवाज राहू दे,’ त्या म्हणाल्या. ‘पण एकट्या बेडकावर भागायचं नाही. प्रत्येक पुस्तकाला नवा प्राणी, आणि प्रत्येकाचा चुकायचा आवाज वेगळा हवा. कितीतरी वर्षं पुरेल एवढं काम आहे. जमेल ना तुम्हाला?’

जन्मभर आवाज विकणाऱ्या त्या बाईने नुसती मान डोलावली, मग पदर तोंडाला लावला आणि सगळ्यांसमोर हमसून हमसून रडली. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. शेवटी तिने माझा रुमाल ओढून घेतला आणि जीव खाऊन नाक शिंकरलं.

मुलांचं बोलणं टिपायला त्या खोलीत माइक लावलेला असायचा. तो चालूच होता. सोमवारी मी ती टेप ताईला ऐकवली. तिने डोळे मिटून दोनदा ऐकली आणि तज्ज्ञाच्या सुरात म्हणाली, ‘हत्ती आहे हा. वाया घालवू नकोस.’

पुढच्या पुस्तकात हत्ती चुकला की तोच आवाज यायचा. त्याला हसून कितीतरी मुलं मोठी झाली. तो आनंदाने रडणाऱ्या बाईचा आहे, हे तिने मला आजवर कोणाला सांगू दिलं नव्हतं.