मेलेल्यांची हजेरी

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचा माणसांवर विश्वास कमी, यंत्रांवर भारी. "माणूस थाप मारतो, मशीन मारत नाही," हे त्याचं पालुपद. गिऱ्हाईक म्हणायचं, मी हातसुद्धा लावला नाही, आपोआप बिघडलं. मिस्त्री गुपचूप मशीन उघडायचा, आतून मोडकी सुई काढून गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचा आणि वर चहा मागायचा. असा खोडसाळ माणूस.

त्यात छातीच्या दवाखान्यातल्या मशीनने तर त्याला पार जिंकून घेतलं होतं. खोकून खोकून बरगड्या वर आल्या, तरी गल्लीतला डॉक्टर धुळीचा खोकला म्हणून औषधाच्या बाटल्याच देत राहिला. शेवटी बायकोने हट्टाने मोठ्या दवाखान्यात नेलं. सकाळी डबीत बेडका दिला, आणि दुपारच्या जेवणाआधी मशीनने सांगूनही टाकलं: क्षय आहे, आणि त्यावरची नेहमीची मुख्य गोळी याला लागू पडणार नाही. म्हणजे आजार चिवट, औषधं वेगळी आणि जड. "बघ," तो बायकोला म्हणाला, "चोर तर पकडलाच, वर त्याच्या खिशात काय आहे तेही सांगितलं!" क्षयाचं दुःख राहिलं बाजूला, हा गडी मशीनचं कौतुक करत घरी आला. बायको वाटभर डोळे पुसत होती.

मग ती औषधं सुरू झाली. मळमळ, पायांना मुंग्या, तोंडाची चव गेलेली. त्यातच शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या त्याच्या लेकीला मुलगी झाली. मिस्त्रीला नात दिसायची ती खिडकीच्या काचेतून. लेक आतून बाळ उंच धरायची, आणि हा बाहेर मास्क लावून टिचक्या वाजवायचा. बंद काचेतून टिचकी ऐकू येणार का, कपाळ! पण रोज वाजवायचा.

अखेर औषधं संपली. छातीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुटलात, मिस्त्री. थुंकीत जिवंत जंतू नाहीत. जा, नातीला उचला." लेकीचाही फोन आला, "बाबा, रविवारी या. महिनाअखेर आम्हाला निघायचंय." जावयाला पार परदेशात नोकरी लागली होती.

आता माणसाने सरळ जावं की नाही? पण याला जावयापुढे ठेवायला मशीनचा कागद हवा होता. कुणी मागितला नव्हता हो! जावई बिचारा चकार शब्द बोलला नव्हता. हा आपला कुणाला न विचारता एका खाजगी लॅबमध्ये गेला. तिथे तसलंच मशीन होतं. ऐटीत डबी दिली आणि घरी येऊन नखांतलं तेल ब्रशने घासत बसला. त्या हातांत नात घ्यायची होती.

कागद आला: क्षयाचे जंतू आढळले.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे करायला? अहो, ते मशीन आजार पकडायचं. बरं झालं का, ते त्याला विचारायचं नसतं. मेलेल्या जंतूंचे तुकडे महिनोन् महिने खोकल्यातून येत राहतात. मशीन नुसती हजेरी घेतं. जिवंत की मेलेला, ते त्याला कळत नाही."

"म्हणजे थाप मारली त्याने?"

"थाप नाही मारली. तुम्ही नको ते विचारलंत."

खात्रीसाठी त्यांनी पुन्हा थुंकी कल्चरला लावली. जंतू जिवंत असतील तर नळीत वाढतात, मेलेले वाढत नाहीत. पण त्याला दीड-दोन महिने लागतात. तिथे कुणाची घाई चालत नाही.

मिस्त्रीने लेकीच्या दारात उभं राहून हे सगळं तिला सांगितलं. ती मान डोलावत होती, आणि बाळाला छातीशी धरून मागे सरकत होती. "बाबा, मला कळतंय. पण ही एवढीशी आहे. कल्चर येऊ दे ना." मग खाली बघत म्हणाली, "तुम्हीच तर म्हणता, मशीन थाप मारत नाही."

जन्मभराचं त्याचंच वाक्य होतं ते. आला तसा परत गेला.

जावयाने तारीख पुढे ढकलायची खटपट केली, जमलं नाही. निघायच्या दिवशी मिस्त्रीने टॅक्सीत बॅगा चढवल्या, लेकीच्या बाजूचं दार लावलं, आणि खिशातला रुमाल काढून त्या दाराची मूठ पुसली. मूठ धरून क्षय होत नाही, हे त्याला पाठ होतं. तरी पुसली. काचेआडून नात टकमका बघत होती. टिचकी वाजवायला त्याने हात वर केला, पण बोटं काही वाजली नाहीत. बायको त्याचा दंड धरून उभी राहिली.

कल्चर आलं तेव्हा घरात दोघंच होती. काहीही उगवलं नव्हतं, कागद स्वच्छ. बायकोने लगेच लेकीला फोन लावून दिला. ऐकून लेक हमसून हमसून रडायला लागली. "बाबा, चुकलं माझं. पुढच्या वर्षी सुट्टी मिळाली की पहिली तुमच्याकडे येते, मग हिला घेऊन बसा."

"ये गं," मिस्त्री म्हणाला. "पण तोवर ती पळायला लागलेली असेल. माझ्यासारख्या अनोळखी माणसाकडे थांबेल कशाला?"