भिजलेल्या गाडीचे फोटो

गाडी विकायची ठरली, पण तिचे फोटो काढायला मला तीन रविवार लागले. पहिल्या रविवारी तिसरी पाळी करून आलो होतो, ते दुपारपर्यंत झोपूनच राहिलो. दुसऱ्या रविवारी गाडी धुतली. धुऊन होईपर्यंत ऊन वर आलं आणि बोनेटमध्ये आमच्याच इमारतीच्या गॅलऱ्या, त्यांत वाळत घातलेले टॉवेल दिसायला लागले. तिसऱ्या रविवारी मात्र उजाडताच गाडी काढली आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडच्या एका मैदानावर नेऊन उभी केली. भरतीची तयारी करणारे तरुण तिथं पळत होते. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि चारी दारं उघडून असे मी फोटो काढले. पाठ भरून आली होती. डोळे चुरचुरत होते. आठवड्यातून एक दिवस मिळतो आणि तोही असा जातो, एवढंच डोक्यात होतं.

गाडी पांढरी, साधी, लहान. आमच्या घरातलं पहिलं चारचाकी वाहन. वडील पलूसजवळच्या आमच्या गावात दुसऱ्यांच्या उसाला पाणी पाजायचे. घरातला पहिला पदवीधर मी. गावच्या शाळेतले गुरुजी माझा कॉलेजचा अर्ज आणायला स्वतः सायकलवर गेले होते. हे मी जिथं संधी मिळेल तिथं सांगतो. बायको म्हणते, आता तिलाही ते पाठ झालंय. त्या पदवीवर मला शिरवळच्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी लागली. तयार झालेला भाग दिव्याखाली धरायचा, त्यावर केसाएवढा चरा दिसला तरी लाल पेटीत टाकायचा, हे माझं काम. नोकरी कायम झाल्यावर गाडी घेतली. साताऱ्याहून शिरवळला आणि परत, अशी ती वर्षानुवर्षं पळाली. आता कंपनीची बस दारात येते. गाडी नुसती उभी असायची.

तिची एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. मोठा पूर आला तेव्हा आई-वडिलांना आणायला मी तीच घेऊन गावी गेलो होतो. आई म्हशीला सोडून निघेना. तिची समजूत घालेपर्यंत गावाबाहेरचा रस्ता पाण्याखाली गेला. आम्ही होडीतून बाहेर पडलो आणि गाडी अंगणातच राहिली. चार दिवस. पाणी सीटच्या वर चार बोटं चढलं होतं. नंतर ती ओढून आणली, पार खोलली, वाळवली, गालिचा बदलला, वायरी बदलल्या. पुन्हा सुरू झाली तेव्हा वडिलांनी बोनेटवर हात ठेवला, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. त्यानंतरही ती चांगली चालली. फक्त हवा दमट झाली की हॉर्न आपोआप वाजायचा, समोरचे दिवे कारण नसताना लागायचे, आणि दोनदा भर रस्त्यात ती बंद पडली होती. खालचा पत्रा गंजत होता. दारांच्या आतल्या बाजूला एक फिकट मातकट रेघ राहिली होती. कितीही घासली तरी ती गेली नाही.

त्या रविवारी दुपारी मी फोनवर फोटो नीट करायला बसलो. सुरुवात पळणाऱ्या तरुणांपासून झाली. गाडीच्या मागं ते नको होते. फोनमध्ये सोय आहे, नको असलेल्या गोष्टीवर बोट फिरवलं की ती जाते. तरुण गेले. एकाचा बूट तेवढा गवतात राहिला, तोही घालवला. मग एक कुत्रं. नंबरची पाटी धूसर केली. उजेड वाढवला, तशी गाडी दुधासारखी दिसायला लागली. मग मागच्या दारावरचा पोचा दिसला. तो काढला. एवढं केल्यावर उघड्या दारांच्या फोटोतली ती रेघ फार डोळ्यावर यायला लागली. मी तिच्यावर बोट फिरवलं. घासून कधी न गेलेली रेघ एका बोटात गेली.

बायको मागं उभी राहून बघत होती. म्हणाली, "माझाही फोटो असाच स्टुडिओत नीट करून पाठवला होता आमच्या वडिलांनी."

"मग?"

"मग काय. तुम्ही कुठं मला परत पाठवलंत?"

आम्ही दोघंही हसलो. हसता हसता मी फोटो जतन केले, मूळ फोटोंच्या जागीच, आणि जाहिरात टाकली. एकाच मालकाची, वेळच्या वेळी काम केलेली, असं लिहिलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. पुराचं लिहिलं नाही. कुणी विचारलं तर सांगायचं, असं मनाशी ठरवलं होतं.

आणि लोक विचारत होते. सांगली, कराड, इस्लामपूर, जिथून फोन येई तिथला पहिला प्रश्न एकच असे, "पुरातली न्हाई न्हवं?" मी खरं सांगायचो, "पाणी शिरलं होतं." पुढचा माणूस "बरं" म्हणून फोन ठेवायचा. नदीकाठच्या माणसाला यापुढं काही ऐकायचं नसतं. असे सहा-सात फोन गेले. खरं सांगूनसुद्धा माणूस दमतो, हे मला तेव्हा कळलं.

मग एका मुलीचा फोन आला. आटपाडीकडची, मेंढपाळाच्या घरातली. जनावरांची डॉक्टर झालेली, घरातली पहिलीच शिकलेली. नेमणूक महाबळेश्वरच्या बाजूला. वाड्या-वस्त्यांवर जनावरं तपासायला जायला गाडी हवी होती. तिनं बरंच विचारलं. घाट चढते का, क्लच कसा आहे, टायर कधी बदलले, किती पळते. मी प्रत्येक प्रश्नाचं नीट उत्तर दिलं. पुराचं तिनं विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी ती वडिलांना घेऊन एसटीनं आली. म्हातारा उंच, वाळका, पायात जाड वहाणा. हातातल्या पिशवीत नारळ, झेंडूचा हार आणि स्टँडवर घेतलेले कंदी पेढे. म्हणजे गाडी बघायला नव्हे, ते न्यायलाच आले होते.

म्हाताऱ्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. मागच्या दाराशी वाकला आणि पोच्यावरून अंगठा फिरवला. "आवं साहेब, फोटूत लय नवी दिसती ही. हितं जरा वय झाल्यालं दिसतंय."

मी काहीतरी पुटपुटलो.

"आसूं द्या, आसूं द्या. आमीबी मेंढरं बाजाराला धुऊनच नेतो की." आणि तो मोकळेपणानं हसला.

मुलगी जरा संकोचून म्हणाली, "मी कालच तुमच्या जाहिरातीतला गाडीचा फोटो स्टेटसला ठेवला. सगळ्यांनी अभिनंदन केलं. आण्णांना म्हटलं, अजून बघितलीही नाही, कशाला गाजावाजा. तर म्हणाले, बघायचंय काय त्यात."

"मंग?" म्हातारा म्हणाला. "शिकल्यालं मानूस हाय. त्यो कशाला खोटं बोलंल? तूबी शिकलीयास, तू बोलतीस व्हय खोटं?"

आम्ही वाढे फाट्यापर्यंत जाऊन आलो. ती जपून, छान चालवत होती. स्वच्छ ऊन होतं. गाडीनं कसलीही कुरकुर केली नाही. मागच्या सीटवर म्हातारा बाहेर बघत होता, आणि आरशात त्याचा चेहरा मला दिसत होता. परत आल्यावर त्यानं हार काढला, बोनेटवर घातला, पुढच्या चाकाशी बसला आणि नारळाची शेंडी मुठीत धरली. बायको चहाचा ट्रे घेऊन जिन्यात उभी होती. नुसती माझ्याकडं बघत राहिली.

"थांबा जरा," मी म्हणालो.

"का वो? मुहूर्त बघताय काय?"

"ही गाडी पुरात होती."

"पुरात म्हंजी?"

"पाण्यात. चार दिवस. सीटच्या वर पाणी होतं."

म्हाताऱ्याला ते पटकन कळेना. तो एकदा गाडीकडं आणि एकदा माझ्याकडं बघत राहिला. "गाडी बुडती?"

"बुडते. आमच्या नदीकाठाला बुडते."

"आवं, आमच्याकडं प्यायला टँकर येतोय. गाडी बुडल्याली आमी कवा बघायची?" त्याचा आवाज चढला नव्हता. त्याला खरोखरच नवल वाटलं होतं.

मुलीला मात्र लगेच कळलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही फोनवर बोलला नाहीत."

"तुम्ही विचारलं नाही," असं माझ्या तोंडून गेलं. गेल्यावर माझं मलाच ते ऐकवेना.

"माहीत असतं तर विचारलं असतं ना, सर."

मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, सीटचा पट्टा धरला आणि ओढत नेला, शेवटपर्यंत. वरचा भाग काळाभोर, धुतलेला. जो नेहमी आत गुंडाळलेला असतो तो खालचा हातभर भाग बाहेर आला, त्यावर मातकट डाग होता आणि डागाच्या कडेला सरळ रेघ. दाराच्या आतली रेघही दाखवली. फोटोतून ती मीच काढली होती, हेही सांगितलं. हॉर्नचं सांगितलं. दोनदा बंद पडल्याचं सांगितलं.

म्हातारा चाकापाशी तसाच बसून होता. "फोटूत त्यो पोचा धुतल्याला मला कळला व्हता," तो म्हणाला. "मेंढरू धुत्यात. पर आजारी मेंढरू धुऊन इकत न्हाईत, साहेब."

मग लेकीकडं वळून, "आता चालती न्हवं? लोकास्नी काय सांगायचं गं?"

"आण्णा, माझ्याकडं चार महिने सगळं ओलं असतं. धुकं, पाऊस, घाट. एकटी असते मी." ती शांतपणे बोलत होती, पण डोळे भरले होते. "एखादी गाय अडलेली असते आणि वाटेत ही बंद पडली तर?"

म्हाताऱ्यानं नारळ परत पिशवीत ठेवला. हार काढायला गेला, मग नुसताच हात झटकून उठला. बायकोनं चहा पुढं केला. घेतील असं मला वाटलं नव्हतं, पण दोघांनी उभ्या उभ्या घेतला. पेढ्यांचा पुडा म्हाताऱ्यानं ट्रेमध्ये ठेवला. "ऱ्हाऊ द्या वयनी. ह्ये काय पाण्यात बुडल्यालं न्हाई."

स्टँडवर सोडतो म्हणालो. "नगं, जाताव चालत."

जाताना मुलगी मागं वळली. "सर, मला खरे फोटो पाठवा. घरी दाखवायला लागतील, का आणली नाही ते."

खरे फोटो उरलेच नव्हते. मी त्यांच्यावरच नवे जतन केले होते. मग त्याच दुपारी पुन्हा काढायला बसलो. या वेळी मैदानावर गेलो नाही, इमारतीच्या वाहनतळातच, पाठीवर झोपून, हातात विजेरी धरून. सीटखालचे गंजलेले बोल्ट. चटई उचलल्यावर कोपऱ्यात राहिलेला गाळ. स्टेपनी काढल्यावर खालचा खड्डा. दाराची रेघ. पूर्ण ओढलेला पट्टा. वरच्या मजल्यावरचे एक काका जाता जाता बोनेटवरचा हार बघून म्हणाले, "अरे वा! नवी घेतली?" मी गाडीखालूनच म्हणालो, "नाही काका, जुनीच."

प्रत्येक फोटोखाली मी दोन ओळी लिहिल्या, दुसरी कुठली गाडी बघायला गेलात तर नेमकं कुठं बघायचं त्याच्या. पट्ट्याच्या फोटोखाली लिहिलं, "पूर्ण ओढून बघा. विकणारे वरचाच भाग धुतात." हे सगळं मला येत होतं. कारखान्यात दिवसभर मी हेच करतो. ते सगळं पाठवलं. तिनं बघितल्याच्या खुणा निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही, आणि माझी अपेक्षाही नव्हती. जाहिरातीतले जुने फोटो काढून हे टाकले. त्यानंतर फोन जवळजवळ थांबले.

महिन्याभरानं असेल, एका रविवारी पाळी करून आलो होतो. अंघोळ करून आडवा होणार एवढ्यात फोन वाजला. त्या मुलीनं एक फोटो पाठवला होता. कुठल्यातरी निळ्या गाडीचं उघडं दार, त्यातून शेवटपर्यंत ओढलेला पट्टा, पट्ट्याखाली आधाराला धरलेला एक वाळका, सुरकुतलेला तळहात. खाली दोनच शब्द, "ही पण?"

मी खिडकीपाशी गेलो, चष्मा लावला, फोटो मोठा केला. काळ्या पट्ट्यावर काही दिसत नव्हतं. अजून मोठा केला. मग शिवणीच्या धाग्यांत रेघ सापडली, अगदी फिकट.

"ही पण," मी लिहिलं.

लगेच उत्तर आलं, "आण्णा म्हणतात अजून दोन बघायच्यात आज. झोपू नका."

डोळे मिटत होते. मी खुर्ची खिडकीत ओढली आणि लिहिलं, "नाही झोपत. पाठवा."