काळं दार

वडील सरकारी कचेरीत कारकून होते. संध्याकाळी विश्रांतवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत ते वस्तीतल्या मुलांना फुकट इंग्रजी शिकवत. फळा नव्हता, म्हणून स्वयंपाकघराचं दार काळं रंगवून घेतलं होतं. मध्यभागी एक लॅटिन धातू लिहायचा आणि भोवती त्याची पिल्लं. पोर्ट म्हणजे वाहणं. ट्रान्सपोर्ट, पलीकडे वाहून नेणं. एक्स्पोर्ट, बाहेर. रिपोर्ट, परत आणणं. सपोर्ट, खालून उचलून धरणं. मुलांनी लिहून घ्यायचं नाही. शिकवणी संपली की ते ओल्या फडक्याने दार पुसत. "डोक्यातून घरी जाईल तेवढंच तुमचं," म्हणत.

शिकवणीच्या शेवटच्या संध्याकाळी त्यांच्या छातीत कळ आली आणि पुसायचं राहून गेलं. ते गेल्यावर मी ते दार कडेने, एका बोटाने ढकलत होते. त्यांचं अक्षर आता तेवढंच उरलं होतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेंची वंदना आटोपल्यावर लोक दोन शब्द बोलायला उभे राहिले. त्यात वडिलांचा एक जुना विद्यार्थी होता. त्याचे आता बिबवेवाडीपासून कात्रजपर्यंत क्लास आहेत. दवाखान्यात तो फिरकला नव्हता.

"सरांशी चर्चा करताना मला ही धातूंची पद्धत सुचली," तो म्हणाला.

समोर बसलेले निम्मे लोक त्याच दारासमोर त्याच्यासोबत शिकलेले होते. शोकसभेत कुणी कुणाला खोटं पाडत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

मग तो आत आला.

"ताई, हे दार मला द्या. काचेत बसवून मुख्य शाखेत लावतो. खाली सरांचं नाव टाकू."

"आणि वर?"

"वर क्लासचं. तुम्हाला नवं दार बसवून देतो. सागवानी."

"फारच उदार आहात."

मी फडकं भिजवलं. त्याने घाईने मोबाईल काढला. "थांबा, फोटो तरी घेऊ द्या."

"अहो, फोटो कशाला? पद्धत तुमचीच ना? सगळं पाठच असेल."

मी कडेपासून सुरुवात केली. मधला शब्द शेवटी पुसला. फडकं पिळलं, तेव्हा पांढरं पाणी मोरीतून गेलं.

तो अजून उभाच होता. मी त्याला चहा विचारला नाही.