एक पिशवी, एक दिवस

माझे बाबा अडून बसण्यात पटाईत. पण रक्तावरून अडतील असं मला वाटलं नव्हतं.

पोटाच्या कॅन्सरच्या दोन केमो झाल्या आणि हिमोग्लोबिन साडेसहावर आलं. चार पायऱ्या चढल्या की बाबा पाचवीवर बसायचे. गावानं बीट, गूळ, पालक इतका आणून टाकला की ओसरीवर बाजार भरला, पण आकडा काही हलेना. भंडाऱ्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, दोन पिशव्या रक्त चढल्याशिवाय तिसरी केमो नाही.

शेजारचे काका लाखांदूरहून पहिल्या एसटीनं भंडाऱ्याला आले आणि रक्त देऊन गेले. रक्तपेढीनं ते ठेवून घेतलं, बदल्यात बाबांच्या गटाची पिशवी दिली. ती चढली.

दुसऱ्या दिवशी नर्स दुसरी पिशवी घेऊन आली, तर पलंग रिकामा. बाबा खाली रक्तपेढीत, बाही सारून खुर्चीत बसलेले.

"माह्यं घ्या," ते तिथल्या बाईंना सांगत होते. "काल त्यानं देल्लं, आज मले फेडाचं आहे."

आमच्याकडे रोवणीला, म्हणजे धानाची रोपं लावायला, माणसं एकमेकांच्या बांधीत जातात. तुम्ही मला एक दिवस दिला की मी तुम्हाला एक दिवस देणार. पहिला फेडल्याशिवाय दुसरा घ्यायचा नाही, हा बाबांचा कायदा.

"बाबा, तुमच्या अंगात रक्त नाही म्हणून तं आपण इथं आलो!" मी ओरडले.

"मंग कालची पिशवी कोठी गेली?"

डॉक्टरही समजावून थकले. मला हसू येत होतं आणि केमो चुकेल अशी भीतीही वाटत होती. शेवटी काकांना फोन लावला.

"तुह्यं रगत मले कायले पायजे?" काका भडकले. "फेडाचंच असन तं यंदा माह्या बांधीत रोवणीले ये. पुरा दिवस."

बाबा गुमान वर गेले आणि नर्सपुढे हात केला.

आषाढात हिमोग्लोबिन साडेनऊ होतं. आम्ही कुठे निघालोय हे डॉक्टरांना कळलं असतं, तर त्यांनी मलाच भरती केलं असतं. रोवणं हे बायांचं काम. त्यांच्या रांगेत बाबा वाकलेले आणि त्यांच्यावर छत्री धरून चिखलात मी. पाऊण तासानं ते कडेच्या धुऱ्यावर बसले. त्यांची ओळ पार वाकडी गेली होती.

"झाला तुहा दिवस," ते काकांना म्हणाले.

काकांनी ओळ पाहिली, मग आभाळ पाहिलं. "कोठी झाला? पाव झाला. बाकीचा पुढल्या साली."

"बेइमान आहेस तू!" बाबा इतक्या जोरात ओरडले की बायांनी माना वर केल्या. कित्येक महिन्यांत तो आवाज मी ऐकला नव्हता. मला रडू आलं, ते मी छत्रीआड लपवलं.

घरी परतताना ते चार ठिकाणी बसले. चौथ्या ठिकाणी म्हणाले, "पुढल्या साली पहाटेच बेगीन निघा लागन."