पऱ्हाटीचा हट्ट आणि अक्कांचा चाकू

प्रल्हादभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या बाजारात वांगी निवडत होतो. अशा बातमीला हसू येऊ नये, पण मला आलं… भाऊंच्या भट्टीत वांग्यांशिवाय काही धड भाजलं गेल्याचं मला तरी ठाऊक नव्हतं. मग पिशवी तिथेच खाली ठेवली आणि रडलो.

आम्ही दोघं धुळ्याला बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. निवृत्तीनंतर ते धरणगावी गेले. दोन वर्षांपूर्वी अक्कांचे, म्हणजे त्यांच्या पत्नीचे, गुडघे गेले आणि विळीवर बसणं बंद झालं. ओट्याशी उभं राहून चिरावं, तर संधिवाताने आखडलेल्या बोटांतून बाजारचा प्रत्येक चाकू निसटायचा. स्वयंपाकघर सुनेकडे गेलं. ज्या बाईने घरात कोणाला पळीही हलवू दिली नव्हती, ती दिवसभर ओसरीवर बसून राहू लागली. भाऊंना ते बघवेना. "मी चाकू करस," ते फोनवर म्हणाले, "तिना हातमा बसी असा."

भट्टी त्यांनी भंगारातून उभी केली. बसचा जुना ब्रेक ड्रम, आतून चिकणमातीचा लेप, खाली भोकं पाडलेला पाइप आणि वाऱ्याला मुलीचा हेअर ड्रायर. मी जाऊन पाहिली, फक्कड होती. चुकलं ते जळण. मी म्हटलं, इस्त्रीवाल्याकडून लाकडी कोळसा आणा. पण खानदेशी माणसाला आगीतलं कोणी शिकवायचं? "पऱ्हाटीना इस्तोसारखा इस्तो नही," ते म्हणाले. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, विस्तवावर भरिताची वांगी भाजतात, तर पोलादाचे काय लाड? ड्रायर चालू करताच राख भसकन उडाली आणि शेजारच्या गच्चीवरच्या पापडांवर जाऊन बसली. पात्यासाठी घेतलेला बसच्या स्प्रिंगचा तुकडा लाल होण्याआधीच काड्या संपल्या. भाऊंनी तो तसाच ठोकला. अक्कांनी ओसरीवरून विचारलं, "हाऊ चाकू शे का उलथनं?"

उरलेल्या निखाऱ्यांवर शेजाऱ्यांनी वांगी भाजून घेतली. पुढे भट्टी पेटली की गल्ली वांगी घेऊनच यायची. भाऊ चिडायचे आणि भरीत खायला सगळ्यांत आधी बसायचे. तिसऱ्या खेपेनंतर मात्र त्यांनी चाकूचा विषयच सोडला. हरले, असं मी समजलो.

परवा धरणगावी गेलो. अक्का ओट्याशी उभ्या राहून भेंडी चिरत होत्या… सावकाश, पण चिरत होत्या. चौथ्या खेपेला भाऊंनी गुपचूप कोळसा आणला होता म्हणे. मला कळवलं नाही. हट्टी माणूस! मी चाकू हातात घेतला. पातं साधंच, पण कडुनिंबाची मूठ वेडीवाकडी, नुसते खड्डे. माझ्या बोटांना कुठे जागाच सापडेना.

"तो तुम्हना हातमा बसत नही," अक्का हसल्या. सून कणिक मळत असताना भाऊंनी एक गोळा उचलला होता, ओसरीवर येऊन अक्कांच्या मुठीत दाबला होता आणि बोटांचे ठसे उमटलेला तो गोळा घेऊन ते काही न सांगता पळाले होते. "मी म्हनं, यासले याड लागनं. सारी गल्लीले सांगं मी…"

ओट्यावर अर्धी भेंडी तशीच पडली होती. सून लगबगीने मदतीला आली, तसा अक्कांनी माझ्या हातातून चाकू परत घेतला. एकेक बोट आपापल्या जागी गेलं.

"तू बैस," त्या सुनेला म्हणाल्या. "हाई भेंडी मी चिरस."