माशांच्या पेटीचं तेल

आधीच कबूल करते. गोऱ्या साहेबाच्या माशांच्या पेटीसाठी आणलेलं तेल मी खाल्लं. ठेच्यावर ओतून, चार भाकरींशी.

तेव्हा मी पंधरा वर्षांची, अमरावतीच्या एका सुताराची नवी सून. अक्कल माहेरी विसरून आले होते, भूक तेवढी सोबत आणली होती. दूर देशी लढाई जुंपलेली, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला भाव चढलेला. नवरा गाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवायला अकोल्याला गेलेला. घरात मी आणि सासरे. कापूस घेणाऱ्या एका साहेबाला बसायच्या खोलीत मासे पोहताना बघायचे होते. त्यानं कागदावर पेटी काढून दिली, सासऱ्यांनी काम अंगावर घेतलं.

सागाची चौकट, तळाला फरशी, चारी बाजूंना काच. काच साहेबानंच दिलेली; ती हिरकणीनं, म्हणजे टोकाला हिरा बसवलेल्या हत्यारानं, कापायची, खाचेत बसवायची आणि फटींत लुकण भरायचं. लुकण म्हणजे खडूची भुकटी, शेंदूर आणि आटवलेलं जवसाचं तेल, कणकेसारखं मळलेलं. ते वाळून दगड झालं की पाणी अडतं.

तेल आटवायच्या आदल्या दिवशी बुधल्यातलं निम्मं जवसाचं तेल माझ्या पोटात गेलं. घाबरून मी तिळाचं ओतून बुधला भरला. म्हटलं, तेल ते तेलच की! सासऱ्यांचं नाक तपकिरीनं बुजलेलं, त्यांना वास कळला नाही.

पहिल्या दिवशी लुकण मऊ. दुसऱ्या दिवशी मऊ. मी पाणी प्यायला उठले तरी वाटेत बोट लावून बघायची आणि लाल झालेलं बोट पदरात लपवायची. साहेबाचा माणूस रोज चौकशीला यायचा. त्याचा जोडा वाजला की मी चुलीपाशी पळायची. जवस वाळतं, तीळ वाळत नाही, हे तिसऱ्या दिवशी शेजारच्या रंगाऱ्याच्या बायकोकडे गोष्ट काढून मी विचारून घेतलं. घरी येऊन तोंड उघडेन म्हटलं, तर भाकरी थापायला बसले. माहेरी धाडतील, हीच भीती.

चौथ्या दिवशी दुपारी सासरे पेटीसमोर बसले. लुकणात बोट सहज रुतलं. त्यांनी दोन्ही तळहात उलटसुलट करून पाहिले.

"सूनबाई, हे हिरकणी बांधून ठेव. उद्या साहेबाची काच परत देतो अन् हे कोनाले तरी देऊन टाकतो. माप चुकाले लागलं माहं. झालं आता, हात गेले."

मी हिरकणी घेतली आणि परत त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"मामाजी, तुमचे हात नाही चुकले. मी जवस खाल्लं. तीळ मिसळलं."

त्यांनी पटाशी उचलली आणि लुकण खरडायला लागले. नव्या तेलानं पुन्हा भरलेली पेटी आठवडाभर उशिरा गेली आणि थेंबभरही गळली नाही. पण त्या दुपारी मला ते ठाऊक नव्हतं. मी पदर तोंडात कोंबून हुंदके देत होते. ते खरडता खरडता म्हणाले,

"रडून काय राहिली? सांगाले चार दिवस कावून लावले व पोरी? मी त माह्याच हातायले शिव्या देऊन राहिलो होतो."