ब्रेकमास्तरांची हवेची नळी

गाडी शिकवणाऱ्या माणसाला गाडी चालवायला मिळत नाही, असं सांगितलं तर लोकांना थट्टा वाटते. ब्रेकमास्तरांच्या बाबतीत ही थट्टा एकतीस वर्षं चालली. ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या गाडीत शिकणारा बसतो स्टिअरिंगमागे आणि शिकवणारा त्याच्या शेजारी. शेजाऱ्याच्या पायाशीही पेडल असतात, पण दोनच, क्लच आणि ब्रेक. ॲक्सिलरेटर फक्त शिकणाऱ्याकडे. म्हणजे या माणसाला एकतीस वर्षं गाडी थांबवता येत होती, पळवता येत नव्हती. निम्म्या शहराचा जीव त्यांच्या त्या पायाने वाचवला होता आणि त्याच निम्म्या शहराने त्यांचं नाव ब्रेकमास्तर पाडलं होतं. लोक उपकार फेडतात ते असे.

स्कूलची गाडी शहराबाहेर न्यायची नाही, घरच्यांना तिच्यात बसवायचं नाही, असा नियम होता. नियम मालकीणबाईंचा, पण पाळण्याचा उत्साह मास्तरांचा. बायको बाजारातून दोन पिशव्या घेऊन घामाघूम होऊन येत असली आणि मास्तर गाडीतून तिच्या शेजारून जात असले, तरी ते फक्त काचेतून मान हलवायचे. त्यामुळे हजारो लोकांना गाडी शिकवणाऱ्या माणसाची बायको नवऱ्याच्या गाडीत कधी बसली नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिने विचारलं होतं, "मला शिकवाल का?" मास्तर म्हणाले होते, "गाडी स्कूलची आहे गं." मग दर वर्षी कधी ना कधी ती विचारायची आणि उत्तर तेच यायचं. पुढे तिने विचारणं सोडलं. दातांच्या दवाखान्यात ती पेशंटना वेळा द्यायची, आणि दुखऱ्या दाताची माणसं शांत ठेवता ठेवता तिला न बोलता राहण्याची चांगली सवय झाली होती.

मास्तर रिटायर झाले त्या दिवशी मालकीणबाईंनी तीच जुनी गाडी त्यांना देऊन टाकली. "आता हिला नवीन मुलं काय झेपणार? तुम्हीच न्या," म्हणाल्या. मास्तरांनी टपावरची स्कूलची पाटी उतरवली, गाडी पुसली, आणि तिसऱ्या दिवशी बायकोला सांगितलं की तिला हवेची नळी बसवायची आहे.

"कुणाला?" बायको म्हणाली.

"गाडीला. इंजिन हवा ओढतं ना, ती नळी. कंपनीची जी असते ती आवाज दाबून टाकते."

"चांगलं करते."

पण ती चेष्टा करत होती. हा आवाज काय आहे, ते तिला पाठ होतं. लग्नाआधी मास्तर एका गॅरेजमध्ये होते. तिथे डोंगर चढण्याच्या शर्यतीसाठी एक गाडी तयार होत होती. शर्यतीच्या आदल्या दिवशी नेहमीचा ड्रायव्हर तापाने फणफणला आणि चाचणीची एक फेरी बावीस वर्षांच्या मास्तरांच्या वाट्याला आली. सात वळणं, वर माळ. एकदाच. सायलेन्सरचा आवाज मागे पडत जातो, पण इंजिनाच्या श्वासाचा आवाज समोरून येतो, पायातून वर चढतो आणि थेट छातीत शिरतो, असं ते सांगायचे. सांगताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा. लग्नानंतर चौथ्या दिवशी त्यांनी हे पहिल्यांदा सांगितलं आणि म्हणाले, "तुला नेईन एकदा त्या रस्त्याने. ऐकवीन." त्याला तेहतीस वर्षं झाली होती. ते वचन मास्तर विसरले नव्हते, हीच खरी पंचाईत होती. विसरणारी माणसं सुखी असतात.

हवेच्या नळ्या विकणारी आणि बसवणारी फिटरबाई मास्तरांचीच विद्यार्थिनी. परीक्षेत दोनदा नापास झालेली, त्यामुळे मास्तरांना तिच्याबद्दल विशेष माया. तिने काउंटर पुसून तीन वस्तू मांडल्या.

"मास्तर, हा पहिला नुसता फिल्टर. कापडी. धुवायचा, तेल लावायचं, परत घालायचा. जुन्याच पेटीत बसतो. काही त्रास नाही. आवाजही नाही."

"मग नको."

"हा दुसरा. आखूड नळी आणि तोंडाला उघडा फिल्टर. आवाज झकास. पण बॉनेटखालची गरम हवा ओढतो. ट्रॅफिकमध्ये गाडी उलट मरगळते. आणि ही तिसरी, लांब नळी. खाली बंपरच्या मागे जाते, बाहेरची गार हवा घेते. आवाज सगळ्यात खोल हिचा."

"मग अडचण काय?"

"रस्त्यावर पाणी साचलेलं असलं आणि तुम्ही गाडी घातलीत, तर नळी पाणी पिते. इंजिनात पाणी गेलं की खेळ खलास." तिने हात झटकले. "आणि खरं सांगू का? एवढ्याशा इंजिनाला यातलं काहीही लावलं तरी ताकद चिमूटभरच वाढणार. पोरं येतात, त्यांना मी हे सांगत नाही. तुम्हाला सांगते."

"ताकद कुणाला हवीय," मास्तर म्हणाले आणि आपण हे बोलून गेलो म्हणून स्वतःच दचकले. "आवाज हवाय."

तरी त्या दिवशी ते काही न घेता घरी आले. ज्याने आयुष्यभर गल्लीच्या तोंडाशी नसलेलं पोर बघितलं, त्याला कोरड्या रस्त्यावर पाणी दिसलं तर नवल काय? ते तीनदा दुकानात गेले. वहीत रकाने पाडले. आखूड नळीला गरम हवेपासून वाचवणारा पत्रा मिळतो का, ते विचारलं. लांब नळी जमिनीपासून किती वर राहते, ते पट्टीने मोजलं. रात्री जेवताना नळी, सकाळी दात घासताना नळी. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण इथे नवरामुलगाच बोहल्यावर चढायला तयार नव्हता.

"मला बघायला आलात तेव्हा एवढा वेळ लावला नव्हतात," बायको म्हणाली.

"तुझ्यात पाणी शिरायची भीती नव्हती."

ती हसली. मग पोळी लाटता लाटता म्हणाली, "पाणी खाली साचतं ना? आपल्याला तर वर जायचंय."

मास्तरांनी वही मिटली. दुसऱ्या दिवशी फिटरबाईने लांब नळी बसवली. शेजारच्या सीटखालची जास्तीची पेडल काढून टाकू का, असं तिने विचारलं, तर मास्तर म्हणाले, राहू दे, जागा कुठे अडवतात. गॅरेजमध्ये तिने एकदा इंजिन रेस केलं आणि समोरून तो खोल, भरलेला हुंकार आला. मास्तर बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. त्यांना वाटलं, आपण बावीस वर्षांचे आहोत आणि अजून काहीच हुकलेलं नाही. पुढचे चार दिवस ते घरात शीळ घालत फिरले. रविवारी डोंगरावर जायचं ठरलं होतं आणि रविवार यायचं नाव घेत नव्हता.

रविवारी सकाळी बायको थर्मास घेऊन, केस घट्ट बांधून, नवे बूट घालून शेजारच्या सीटवर येऊन बसली. पट्टा लावला. तिने हात मांडीवर असे ठेवले होते की फोटो काढणार आहेत असं वाटावं. शहर संपलं. रस्ता मोकळा झाला. डोंगर समोर आला तसे मास्तरांचे कान तापले.

चढ लागला. दुसरा गियर. मास्तरांनी पाय दाबला. इंजिनाने हवा ओढायला सुरुवात केली, हुंकार तळाशी भरू लागला, आणि पहिलं वळण दिसलं. पाय उचलला गेला. आवाज विझला. हरकत नाही, पहिलंच वळण आहे, ते मनात म्हणाले. दुसऱ्या वळणाला उभा ट्रक होता. ट्रकच्या आडून कुणी येईल म्हणून पाय उचलला. तिसऱ्याला ट्रक नव्हता. तरी उचलला. चौथं वळण तर सरळ रस्त्याचाच भाऊ होता. मास्तरांनी दात आवळले, पाय रेटला, आवाज छातीपाशी आला, आता शिरणार, एवढ्यात त्यांच्या पायाने त्यांना न विचारता ब्रेक दाबला. बायको पट्ट्यात पुढे झुकली आणि परत मागे टेकली.

"काय होतं?" तिने विचारलं.

"काही नाही."

खरंच काही नव्हतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण मास्तरांनी हजार जणांना ऐकवली होती. आता ती त्यांच्या पोटरीत बसली होती. पाचव्या, सहाव्या, सातव्या वळणावरून त्यांनी एखाद्या नवशिक्याला न्यावं तसं स्वतःला वर नेलं. मागून आलेला दुधाचा टेम्पोही हॉर्न देऊन पुढे गेला.

माळावर गाडी थांबवून दोघं खाली उतरली. वारा होता. रस्ता सरळ, दूरवर रिकामा. बायकोने झाकणात चहा ओतला आणि त्यांना दिला.

"छान होता आवाज," ती म्हणाली.

"झालाच कुठे?" मास्तर म्हणाले. मग चहाकडे बघत बोलू लागले. "माझ्या पायातून गेलं गं ते. मला वाटायचं, वेळ नाही, गाडी आपली नाही, म्हणून राहिलंय. आता सगळं आहे आणि पाय ऐकत नाही. तुला उगाच एवढ्या लांब आणलं."

  तिने थर्मासचं बूच लावलं, गाडीला वळसा घालून आली आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसली. सीट पुढे ओढली. आरसा वाकडा केला.

"हे काय?" मास्तर म्हणाले.

"आता गाडी स्कूलची नाही ना?"

 एकतीस वर्षं तिच्या शिकण्याच्या प्रश्नाला मास्तरांकडे एकच उत्तर होतं आणि ते आता चालत नव्हतं. ते शेजारी येऊन बसले. बसल्याबरोबर दोन्ही पाय आपापल्या पेडलवर गेले.

"क्लच पूर्ण दाब. गियर न्यूट्रलला आहे का बघ. किल्ली फिरव," ते म्हणाले. आवाज एकदम सवयीचा, ठाम. "आता पहिला. क्लच हळूहळू सोड आणि तेवढीच रेस दे."

गाडीने उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा तेच. तिच्या कपाळावर घाम आला. तिसऱ्या वेळी ती चिडली, तिने दात चावले आणि क्लच अर्धा धरून ॲक्सिलरेटर थेट खाली दाबला. नवशिके सगळे हेच करतात. गाडी गोगलगायीसारखी सरकायला लागली आणि इंजिन मात्र पूर्ण तोंड उघडून हवा ओढू लागलं. तो हुंकार समोरून आला, पायातून वर चढला, काचा थरथरल्या, छाती भरून गेली. बाविसाव्या वर्षीचा होता तस्साच.

अशा वेळी मास्तर शिकणाऱ्याला म्हणत, "रेस कमी करा." हे शब्द त्यांनी आयुष्यात किती वेळा उच्चारले होते, त्याला गणतीच नाही. आताही तोंड उघडलं. पण आवाज फुटला तो वेगळाच.

"सोडू नको," ते ओरडले. "दे, अजून दे!"

तिने दिली. तिची मान ताठ होती, जीभ दातांत होती, डोळे रस्त्यावर होते, आणि ती अठ्ठावन्न वर्षांची बाई अशी दिसत होती की मास्तरांनी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. पाहायला मिळालं असतं. दर वर्षी मिळालं असतं. तिने विचारलं होतं.

थोड्या वेळाने तिला जाणवलं की शेजारून सूचना येईनात.

"अहो, बिघडली का गाडी?"

"नाही."

"मग रडताय कशाला?"

"तुला तेव्हाच शिकवायला हवं होतं गं मी."

"हो, हवं होतं," ती म्हणाली. तिने स्टिअरिंग आणखी घट्ट धरलं. "आता गप्प बसा. मला समोर बघू द्या."